भांगाची अष्टमी

मी मीठ चाखलं. झालं एवढंच. चोरी नाही, मारामारी नाही, कुणाचा हात धरून पळून गेले नाही. बोटाला लागलेले चार खडे जिभेवर ठेवले आणि डोळे मिटले. पण ते रोह्याला, एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये, सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता, ‘येथे खाणे, पिणे व नमुने चाखणे सक्त मना आहे’ या लाल पाटीच्या बरोबर खाली उभं राहून केलं. आता बोला! नव्या सप्लायरकडून कच्च्या मिठाचं सॅम्पल आलं होतं. प्लॅस्टिकची पिशवी, वर नंबर. मला त्यातला ओलावा काढायचा होता, न विरघळणारी माती मोजायची होती, मॅग्नेशियम बघायचं होतं. दोन वर्षं हेच करते आहे मी, केमिस्ट म्हणून. पिशवी उघडली आणि वास आला. मिठाला वास नसतो असं पुस्तकात लिहितात, लिहोत बापडे. या मिठाला खाडीच्या गाळाचा वास होता, दुपारी ओहोटी लागल्यावर येतो तो, आणि माझा हात मला न विचारता पुढे गेला. आधी खारट लागलं, मग जिभेच्या मागच्या बाजूला कडू. “कडवं पाणी वेळेवर सोडलेलं नाय,” मी मोठ्याने बोलले. कुणाशी बोलले देव जाणे. समोर भिंत होती. मागे आमचे हर्षद सर उभे होते.

हर्षद सर वाईट माणूस नाहीत. वाईट असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. ते नुसतेच म्हणाले, “मॅडम, हे काय? उद्या ॲसिड चाखाल.” मग त्यांनी छताकडे बघितलं, मीही बघितलं, आणि कॅमेरा आम्हा दोघांकडे बघत होता. या महिन्यात मला परमनंट करायचं होतं. फाइल वर गेलेली होती. सरांनी मला केबिनमध्ये बसवून पाणी दिलं आणि म्हणाले, “घाबरू नका. दोन ओळी लिहून द्या. अनवधानाने घडले, पुन्हा घडणार नाही, क्षमस्व. गुरुवारी अकराला मीटिंग आहे, तिथे समोर बसा, पत्र द्या, बाकी मी सांभाळतो.” मी हो म्हणाले. दुपारी मॅग्नेशियमचा आकडा आला, मर्यादेच्या बराच वर. मीठ धरल्यावर उरतं ते कडवं पाणी खरंच सोडलेलं नव्हतं. सॅम्पल नापास झालं, मी रजिस्टरात सही केली, आणि ‘मी म्हटलं नव्हतं?’ हे वाक्य गिळून टाकलं. सांगणार कुणाला? आमच्या लॅबमध्ये जिभेचा रिपोर्ट धरत नाहीत.

संध्याकाळी घरी येऊन कागद पुढ्यात घेतला. प्रति, माननीय, विषय, सगळं भराभर झालं. मग ‘अनवधानाने’ हा शब्द आला आणि पेन थांबलं ते थांबलंच. चार कागद फाडले. आई म्हणाली, कसलं एवढं लिहितेस गं, आणि मी म्हणाले, रिपोर्ट. मला त्या शब्दाचा राग येत होता, आणि राग का येतोय ते कळल्यावर रडू यायला लागलं. कारण दोन वर्षांत मी त्या लॅबमध्ये जे जे केलं ते अनवधानानेच केलं होतं. बीकर धुतले, काटे वाचले, आकडे भरले, डबा खाल्ला, बस पकडली, आणि या सगळ्या वेळात मी कुठे होते ते कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. त्या चार खड्यांच्या वेळी तेवढी मी होते. जीभ होती, घसा होता, पायाखाली जमीन होती, मी, किमया, तिथे होते. एकदाच काय ती जागी होते, आणि नेमकं तेच झोपेत झालं असं लिहून द्यायचं.

आमचं मूळ गाव पेण तालुक्यात, खाडीला लागून. मी नऊ वर्षांची होईपर्यंत आम्ही तिथे होतो, म्हणजे आई आणि मी. बाबा रोह्याला खोली घेऊन राहायचे आणि रविवारी यायचे. माझे आजोबा रघू. गावात त्यांना रघूदादा म्हणायचे, मी आजा म्हणायचे. ते मला खांद्यावर घेऊन बांधावरून मिठागरात जायचे. मिठागर म्हणजे काय, चौकोनी चौकोनी वाफे, एकाला लागून एक, आम्ही त्यांना कोंड्या म्हणतो. भरतीचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, आत घ्यायचं, या वाफ्यातून त्या वाफ्यात फिरवत तापवायचं, आणि शेवटी कोंडीत आणून सोडायचं. मग उन्हाने करायचं ते करायचं. आमच्या वाटणीला तीन कोंड्या. फेब्रुवारीतल्या दुपारी आजा मला पाण्याजवळ उकिडवं बसवायचे आणि म्हणायचे, आता गप, फुंकर मारू नको. पाण्यावर पातळ साय धरायची. बघता बघता तिच्यात एक चौकोन दिसायचा, इवलासा, मधे खोलगट, आणि मग तो जड होऊन खाली बसायचा. मला वाटायचं तो मी बघत होते म्हणून झाला. अजूनही कधी कधी तसंच वाटतं, आणि मी बी.एस्सी. केमिस्ट्री आहे. त्या दुपारचं ऊन मला आज चोवीस वर्षांची झाल्यावर पाठीवर आठवतं, आणि आठवतं म्हणजे दुखतं. एखाद्या माणसाची आठवण यावी तशी मला त्या जागेची येते. मैत्रिणींना बॉयफ्रेंडची येते, मला चिखलाची येते, असं मी एकदा हॉस्टेलवर बोलले होते तेव्हा सगळ्या हसल्या होत्या, मीही हसले होते.

आजा गेले आणि बाबांनी आम्हाला रोह्याला आणलं. बाबांनी मिठागर एकोणिसाव्या वर्षी सोडलं. आधी ठेकेदाराकडे हेल्पर, मग ऑपरेटर, मग परमनंट. सत्तावीस वर्षांत एक खाडा नाही. आमच्या घरात मिठागराचा विषय निघत नाही. फ्लॅटमध्ये देवघराशेजारी माझं डिग्रीचं सर्टिफिकेट आहे, फ्रेम करून, त्याला बाबा दसऱ्याला फूल वाहतात. बाबा घरातही मोजे घालतात, मे महिन्यातसुद्धा. मला लहानपणी वाटायचं सगळ्यांचेच वडील घालत असतील. कंपनीत कुणी विचारलं, गाव कुठलं, तर ते ‘पेण’ एवढंच सांगतात, आणि लोक म्हणतात, अरे वा, गणपतीवाले का? बाबा मान हलवतात. हो नाही, नाही नाही.

मंगळवारी हिरामणकाकांचा फोन आला. हे बाबांचे मोठे भाऊ, आजांच्या मागे तिन्ही कोंड्या तेच बघतात. फोन आईने घेतला आणि हात पिठाचे म्हणून स्पीकरवर टाकला, म्हणून मला कळलं, नाहीतर कळलं नसतं. “अनिता, परवा अष्टमी हाय,” काका म्हणाले. “माजा गुडघा गेलाय. डॉक्टर बोलतो, चिखलात पाय घालायचा नाय. पोरं दोन्ही उरणला कंटेनरवर, त्यांना रजा नाय. प्रविनला सांग, यंदा आपल्या घरचे पाय नायत.” आई म्हणाली, “भाऊजी, बरं झालं की. किती दिवस ओढणार ते?” “व्हय, त्ये पन खरं,” काका म्हणाले आणि फोन ठेवला.

पाय नाहीत म्हणजे काय ते आईला ठाऊक होतं आणि मलाही. पावसाळ्यानंतर कोंडीचा तळ पोचट झालेला असतो. तो तुडवून कडक केला नाही तर मीठ मातीत बसतं, काळं येतं, कुणी घेत नाही. आणि तुडवायचा तो भांगाच्या दिवसांतच. भांग म्हणजे उधाणाच्या उलट. अष्टमीच्या आसपास भरती वर चढतच नाही, बांधाच्या पायथ्याला लागून परत फिरते, म्हणून तळ कोरडा ठेवता येतो. आमच्या गावात मजूर लावून हे करत नाहीत. प्रत्येक घराने एक जोडी पाय द्यायचे, सगळ्यांनी एका ओळीत एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभं राहायचं, आणि सगळ्यांच्या कोंड्या पाळीपाळीने तुडवायच्या. ज्या घरचे पाय नाहीत त्या घरच्या कोंडीत ओळ उतरत नाही. राग नसतो, भांडण नसतं, उतरत नाही एवढंच. एक वर्ष नाही तुडवली की तळाला भेगा जातात, दुसऱ्या वर्षी खेकडे भोकं पाडतात, तिसऱ्या वर्षी खारफुटीची तिवरं उगवतात, आणि मग तिथे कधी काळी मीठ होतं हे सांगायला माणूस लागतो. तिवरं सरकार तोडू देत नाही. म्हणजे गेलीच.

मी बुधवार रात्रीपर्यंत काही बोलले नाही. लॅबमध्ये गेले, आले. तीन कोंड्यांवर कुणाचं पोट भरत नाही हे मला कळत नव्हतं असं नाही, उगाच मला येडी समजू नका. काकांना वर्षाला किती सुटतात ते मला माहीत आहे, तेवढे मला दोन महिन्यांत मिळतात. पण मी बीकर हातात धरून उभी राहायची आणि माझ्या तळपायांना काहीतरी व्हायचं. सेफ्टी शूज, त्यात मोजे, त्याखाली टाइल, आणि त्या सगळ्याच्या आत माझे पाय, दोन वर्षं अंधारात ठेवलेले. मला असं काहीतरी करायचं होतं जे माझ्या अंगाला कळतं. एवढंच हवं होतं, आणि एवढंच मागायची आमच्या घरात सोय नव्हती. डॉक्टर हो म्हणायची सोय आहे, यूपीएससी कर म्हणायची सोय आहे. वर चढायचं असेल तर बाप किडनी विकेल. मागे वळायचं म्हटलं की घरात सुतक.

बुधवारी जेवताना मी सांगितलं. आधी चाखल्याचं सांगितलं, मग पत्राचं, मग म्हणाले, “आणि उद्या मी गावाला जाणार आहे. आपल्या घरचे पाय म्हणून.” आईच्या हातातली पळी तशीच राहिली. “अगं, मीटिंग उद्या ना?” ती म्हणाली. “पेणच्या स्थळाला आम्ही परमनंट म्हणून सांगून बसलोय. बी.एस्सी. झालेली मुलगी चिखलात! लोक शेण घालतील तोंडात.” मी म्हणाले, “पत्रात खोटं लिहायला सांगतायत.” “खोटं कसलं गं त्यात? दोन ओळी! सगळं जग लिहितं!” बाबा जेवत होते. त्यांनी भात संपवला, ताक प्यायले, हात धुऊन आले, खुर्चीत बसले आणि मोजे काढले. मी चोवीस वर्षांत बाबांचे तळपाय धड बघितलेले नव्हते. टाचांना आडव्या भेगा होत्या, जुन्या, काळ्या, आत बोटाचं टोक जाईल एवढ्या, आणि अंगठ्याच्या खाली मिठाने खाल्लेला एक खड्डा होता, बुजून पांढरा झालेला. “सात वर्षं तुडवलं फक्त,” ते म्हणाले. “लग्नात तुझ्या आजोबांनी, आईच्या वडिलांनी, पाय धुतले माझे. ताम्हणात. सगळ्या मांडवासमोर. त्यांनी पाय बघितले आणि मग माझ्याकडे बघितलं. तेव्हाच ठरवलं मी, माझ्या पोरांचे पाय कुणी असे बघायचे नाहीत.” मग त्यांनी मोजे परत चढवले, एक एक, व्यवस्थित, आणि म्हणाले, “तू पत्र लिहिणार आणि मीटिंगला जाणार. संपला विषय.” मला त्यांच्या पायांशी बसावंसं वाटलं. मला त्यांच्यावर ओरडावंसंही वाटलं. मी ताटं उचलली.

सकाळच्या पहिल्या गाडीने निघाले. चिठ्ठी ठेवली नाही, चिठ्ठ्यांचा मला कंटाळा आला होता. आई जागी होती, तिला सांगून निघाले. ती तोंड भिंतीकडे करून म्हणाली, “डबा नाही केला मी,” आणि मग, मी चपला घालेपर्यंत, “फ्रीजवर चिवडा आहे.” नागोठणं गेलं, कासू गेलं, डब्यात भाजीवाल्या बायका आणि झोपलेले कामगार. पेणला उतरून मिनीडोर रिक्षात बसले. ड्रायव्हर म्हणाला, कोणाकडे? मी म्हणाले, रघूदादांकडे. पंधरा वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं नाव सांगितलं मी, आणि त्याने, वय माझ्याएवढंच असेल, मान डोलावून बरोबर आमच्या आळीत नेऊन सोडलं. रोह्यात चौथ्या मजल्यावर इतकी वर्षं राहूनसुद्धा पार्सलवाला रोज पत्ता विचारतो.

हिरामणकाका बांधावर बसले होते, गुडघ्याला पट्टा. मला बघून उठायला गेले आणि परत बसले. “काय गो बाय? कुनी धाडलं तुना? प्रविननं?” मी खोटं बोलू शकले असते. “नाय काका. मीच आले. पाय द्यायला.” ते माझ्या पायांकडे बघत राहिले. शेजारची पुतळीकाकू, आमच्या बाजूच्या कोंड्या त्यांच्या, कासोटा घालून उभी होती; तिने विचारलं, “पायाला तेलबिल लावलंयस का गो? किरीम? तेल असेल त कोंडीत येऊ नको, पानी मीठ धरत नाय.” लावलं होतं. आईने आठवडाभर रात्री माझ्या टाचांना क्रीम चोळलं होतं, पेणची माणसं बघायला येणार म्हणून. पुतळीकाकूने मला खाली बसवलं, मूठभर राख आणि वाळू घेतली, आणि माझे पाय घासून काढले, घोट्यापर्यंत, कातडी लाल होईस्तोवर. “कसले मऊ पाय गो,” ती म्हणत होती, “जसं लोनी.” ती हसत होती पण घासताना हात हलका ठेवत नव्हती.

अकरा माणसांची ओळ होती, मी धरून. एका बाजूला पुतळीकाकू, दुसऱ्या बाजूला आळीतले पोपटदादा. खांद्यावर हात टाकायचे, उजवा पाय, डावा पाय, वीतभर पुढे, सगळ्यांनी एकदम. मला वाटलं होतं पाय टाकला की मला सगळं आठवेल. कसलं काय! पहिल्या कोंडीत मी दोनदा घसरले आणि एकदा चक्क बसले, कोपरापर्यंत हात चिखलात. गाळ थंडगार होता, बोटांच्या फटीतून वर यायचा, मधेच शिंपल्याचा तुकडा कापायचा. वळून बघितलं तर पुतळीकाकूच्या आणि पोपटदादांच्या मागे तळ तव्यासारखा सपाट होता आणि मधे माझा पट्टा, खड्डेच खड्डे, खड्ड्यांत पाणी उमळलेलं. “कंपनीचे पाय हायत,” पोपटदादा म्हणाले आणि ओळ हसली. माझ्या पट्ट्यावरून दोघांनी पुन्हा पाय फिरवला. मला लाज वाटली, खूप, कान तापले. ज्या जागेसाठी मी इतकी वर्षं आतल्या आत झुरत होते तिला माझी ओळखही नव्हती. तरी मला तिथून हलायचं नव्हतं. खांद्यावर दोन्हीकडून माणसांचं वजन होतं, मांड्या थरथरत होत्या, तोंडाला खारं लागत होतं, आणि मी रडत होते की काय ते घामामुळे कुणाला कळत नव्हतं. बरं वाटत होतं. इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

त्या दिवशीच्या पाळीत आमच्या आधी दोनच घरं होती, त्यांच्या कोंड्या झाल्या. आमच्या पहिल्या कोंडीत ओळ निम्म्यात आली तेव्हा बांधावर मोटरसायकल थांबली. बाबा होते. कंपनीचा निळा युनिफॉर्म, खिशाला ओळखपत्र, पायात बूट. पहिल्या शिफ्टला सात वाजता पोचलेला माणूस साडेदहाला इथे उभा होता. हिरामणकाका म्हणाले, “ये प्रविन,” आणि बाबांनी ऐकलं नाही. “किमया,” ते म्हणाले. हाक मोठी नव्हती. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि पेन काढलं. “मी लिहून आणलंय. सही कर. हर्षद साहेबाशी बोललोय, मीटिंग दोनला घेतायत. गाडीवर बस, पोचतो.” मला तो कागद लांबूनही वाचता आला असता, त्यात काय आहे ते मला माहीत होतं. बाबांचं अक्षर सुंदर आहे. त्यांनी तो शब्द किती जपून लिहिला असेल.

ओळ मधेच थांबवता येत नाही. थांबली की तिथे वरंबा राहतो आणि मग पाणी सारखं बसत नाही. “बाबा, ही ओळ होऊ दे,” मी म्हणाले. पोपटदादांनी खांद्यावरचा हात सोडला नाही, पुतळीकाकूनेही नाही, आणि आम्ही निघालो, उजवा, डावा. मी बाबांकडे बघत नव्हते. मला फक्त त्यांचे बूट दिसत होते, बांधाच्या कडेला, आमच्या बरोबरीने एक एक पाऊल सरकणारे. बरेच सरकले ते. मग थांबले.

“बोटांवर काय चालतंस?” बाबा म्हणाले. “टाच लाव. पैली टाच.”

काका खाडीकडे बघायला लागले होते. घरी बाबा असं बोलत नाहीत. हा आवाज मी ओळखत नव्हते. मी टाच लावली. “आथा वजन सोड. सगला सोड. घाबरू नको, तल धरतो तुना. हां. गुडघा नको ताठ करू. हां, आस्सा.” पायाखाली काहीतरी घट्ट झालं. मागे वळून बघायची गरज नव्हती, कळलं. कोंडीच्या टोकाला पोचेपर्यंत ते तसेच सांगत राहिले, टाच, वजन, टाच, आणि त्यांच्या हातातला कागद त्यांनी कधी खिशात टाकला ते मी बघितलं नाही.

ओळ सुटली. लोक पाणी प्यायला बांधावर गेले. मी कोंडीत उभी राहिले, बाबा वर, मधे हातभर अंतर. ते खाली उतरले नाहीत, बूट त्यांनी काढले नाहीत. त्यांचा चेहरा रागावलेल्या माणसाचाच होता. मी हात पुढे केला आणि म्हणाले, “द्या. ते पत्र.” घेऊन काय करणार होते ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. सही केलीही असती कदाचित, त्यांनी ‘पैली टाच’ म्हटल्यानंतर त्यांना नाही म्हणायचं बळ माझ्यात राहिलं नव्हतं.

बाबांनी माझ्या हाताकडे बघितलं. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत चिखल होता, वाळून पांढरा पडायला लागलेला.

“ह्या हातानं सही कशी करशील,” ते म्हणाले. गाडीला किक मारली, ती लागली नाही, परत मारली. “आनि धू नको इतक्यात. दोन कोंड्या बाकी हायत आपल्या.”